दाजींचा बिनफोटोंचा गट

दाजींना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे कुलपं दुरुस्त करायला शिकायला आला, तो दिवसभर ‘दाजी, हे बघा’, ‘दाजी, हे कसं’ करत दुकानात फिरायचा. ते ऐकून आधी गिऱ्हाइकं दाजी म्हणू लागली, मग शेजारचा शिंपी, मग पोस्टमन. शेवटी ईमेल गटावरची मंडळीही, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी दाजींना कधी पाहिलेलं नाही. म्हणजे आयुष्यात मिळालेली एकुलती एक पदवी, तीसुद्धा मेहुण्यानं दिलेली. ही गोष्ट अलीकडेच एकदा जेवताना दाजींच्या लक्षात आली आणि त्यांनी पुढची पोळी परत पाठवली.

दाजींचं दुकान एका कचेरीच्या इमारतीत जिन्याखाली आहे. वरून कुणी घाईनं उतरलं की आतल्या किल्ल्या किणकिणतात. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, त्यामुळे कुठलंही हत्यार घ्यायला उठावं लागत नाही, याचा दाजींना अभिमान आहे. भिंतीवर किल्ल्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक किल्लीचे दाते भिंतीकडे वळवलेले आहेत. गिऱ्हाइकाला किल्लीची फक्त पाठ दिसते. हा या धंद्यातला जुना रिवाज. दाते दिसले की नजर तयार असलेला माणूस ते पाठ करून घरी जातो आणि कानशीनं तशीच किल्ली घासतो. दाजी स्वतः तरुणपणी पैजेखातर हे करायचे. आता पैज लावायला कुणी येत नाही.

पण दाजींचा खरा दरबार भरायचा तो ईमेल गटावर. गावोगावच्या कुलूपवाल्यांचा हा गट त्यांनीच सुरू केला, त्याचे नियम त्यांनीच लिहिले आणि पहिला नियम असा की चित्रं पाठवायची नाहीत; जे असेल ते शब्दांत सांगा. गटाच्या यंत्रणेतच तशी सोय होती. कुणी फोटो जोडला तर तो वाटेतच गळून पडायचा आणि नुसता मजकूर पोचायचा. त्यातून त्या गटावर एक विलक्षण भाषा तयार झाली. कुणी लिहायचं, ‘किल्ली आत जाते, अर्धी फिरते, मग कुणीतरी आतून बोट धरल्यासारखं होतं.’ दाजी विचारायचे, ‘अडताना आवाज कोरडा येतो की ओला?’ समोरचा लिहायचा, ‘ओला.’ मग दाजींचं पत्र यायचं, लांबलचक, ऐसपैस. आतली पिन कशी झिजली असेल, तिच्यावरची स्प्रिंग कशी रुसली असेल, तेल कुणी आणि कशासाठी ओतलं असेल, ते तेल ओतणाऱ्याचा स्वभाव काय असेल. आणि शेवटी दोन ओळींत इलाज. बहुतेक वेळा इलाज लागू पडायचा. एका संग्रहालयात जुनी कुलपं सांभाळणाऱ्या बाई तर दाजींची पत्रं छापून ठेवायच्या. ‘दाजी, तुम्ही कुलूप उघडत नाही, कुलपाला बोलतं करता,’ असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. ते वाक्य दाजींनी बायकोला वाचून दाखवलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचून दाखवलं.

या सगळ्यात तो मेहुणा, म्हणजे धाकटा, स्वतःचं वेगळं दुकान थाटून गटावर आला.

धाकट्याला लिहिता येत नाही, असं दाजींचं मत होतं आणि ते खरं होतं. त्याची पत्रं म्हणजे तारा. ‘पिन झिजली. बदलली. चाललं.’ दाजींना वाटलं, चला, याच्यापासून काही धोका नाही. पण धाकट्याला एक नाद लागला होता. तो निकामी कुलपं मधोमध कापायचा, कापलेली कड घासून आरशासारखी करायचा आणि आपल्या दुकानाच्या खिडकीपाशी ठेवून फोटो काढायचा. आत पिना ओळीनं उभ्या, स्प्रिंगांची वेटोळी, किल्ली अर्धवट शिरलेली. गटावर फोटो जात नाहीत म्हणून तो एकेकाला वेगळे पाठवायचा.

आणि मग गटावर सुरू झालं. ‘धाकट्याचा फोटो पाहिलात?’ ‘पाहिला. वीस वर्षं धंदा करतोय, हे आत असं दिसतं हे आज कळलं.’ ‘दाजी, तुम्ही ते रुसलेल्या स्प्रिंगचं लिहिलं होतं ना, ते आता फोटो बघितल्यावर समजलं.’

आता समजलं! म्हणजे तेव्हा समजलं नव्हतं. मग तेव्हा ‘वा दाजी’ कशासाठी लिहिलं होतं? दाजींनी ते जुनं पत्र शोधून काढून पुन्हा वाचलं. त्यांना ते स्वच्छ, चोख वाटलं. मग त्यांनी धाकट्याचा फोटो उघडला. तो त्यांनाही आला होता, पण त्यांनी तो उघडला नव्हता. बराच वेळ बघत बसले. स्प्रिंग खरोखरच रुसलेली दिसत होती. त्यांनी फोटो बंद केला आणि छातीत काहीतरी कडू चढल्यासारखं वाटलं, ते पित्त आहे असं ठरवून पाणी प्यायले.

पुढच्या आठवड्यात संग्रहालयवाल्या बाईंनीच विषय काढला. ‘दाजी, गटावर फोटो जोडायची परवानगी द्या ना. सगळ्यांचाच फायदा आहे.’

बाईंनी! पत्रं छापून ठेवणाऱ्या बाईंनी!

दाजींनी चर्चा खुली केली, कारण ते स्वतःला लोकशाहीवादी समजत. पहिल्यांदा त्यांनी फोटोंच्या वजनाचा मुद्दा मांडला. लोकांच्या ईमेलच्या पेट्या भरतील. लोक म्हणाले, आता पेट्या मोठ्या असतात. मग त्यांनी विषाणूंचा मुद्दा मांडला. लोक म्हणाले, त्याची चाळणी असते. मग लिहिण्याची सवय जाईल, असा मुद्दा मांडला. त्यावर तिजोऱ्या दुरुस्त करणारे एक खवट गृहस्थ होते, गटात त्यांना सगळे तिजोरीवालेच म्हणत, त्यांनी लिहिलं, ‘कुणाची सवय, दाजी? आमची का तुमची?’

त्या दिवशी दाजींनी पुन्हा पोळी परत पाठवली.

“अहो, झालंय काय?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. गटाचं भवितव्य.”

“धाकट्याचे फोटो लोकांना आवडतायत म्हणे. फोन आला होता त्याचा.”

“आवडणारच. चित्रं लहान पोरांनाही आवडतात.”

“तुम्हाला फोटोचा राग आहे का फोटो काढणाऱ्याचा?”

“मी तत्त्वाचं बोलतोय.”

“मग बोला की. तत्त्वाला एवढा घाम कशाला फुटतोय?” असं म्हणून तिनं आपला फोन त्यांच्यापुढे धरला. “हे बघा, त्याच्या नव्या दुकानाचा. परवा गेले होते तेव्हा मीच काढला. किती गोड आलाय माझा भाऊ.”

दाजींनी बघितलं. धाकटा नव्या दुकानाच्या दारात उभा होता, दाढी केलेला, हसणारा. दुकानाला खिडकी होती. दार रुंद होतं. आणि हातात, कौतुकानं कॅमेऱ्याकडे धरलेली, दुकानाची किल्ली. दाते बाहेर.

“किल्ली दाखवतोय!” दाजी ओरडले. “दाते दाखवतोय! कुलूपवाला म्हणवतो स्वतःला!”

“माझ्या भावावर ओरडू नका.”

पण दाजी ओरडत नव्हते. त्यांना मुद्दा सापडला होता. असा मुद्दा, की ज्याच्यापुढे मोठमोठ्यांनी हात टेकावेत. त्यांनी बसून पत्र लिहिलं: मित्रहो, आपल्या धंद्यात फोटो म्हणजेच किल्ली. किल्लीचे दाते दिसले की किल्ली दिली. आपण भिंतीकडे वळवून ठेवतो ती गोष्ट गटावर शेकडो लोकांना वाटणार का? गिऱ्हाइकाच्या विश्वासाचं काय? पत्र सुरेख झालं होतं. एकेक जण ‘हा विचार केला नव्हता’ म्हणू लागला. बाईंनीसुद्धा ‘पटतंय’ लिहिलं. दाजींना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

आणि मग तिजोरीवाल्यांचं पत्र आलं. ‘दाजी, ऐकायला छान आहे. पण नुसत्या फोटोवरून किल्ली करून कुलूप उघडलंय का कुणी? करून दाखवा, मी लगेच तुमच्या बाजूनं मत देतो. नाही तर येत्या रविवारी फोटोंना हो म्हणू या.’

इथे शहाणा माणूस एखादं भाकड कुलूप घेऊन बसला असता. पण दाजींच्या मनात एकच फोटो होता. धाकट्याच्याच फोटोवरून, धाकट्याच्याच दुकानाचं कुलूप उघडायचं, आणि मग गटावर सविस्तर लिहायचं. एका दगडात किती पक्षी, हे त्यांनी मोजलंही नाही.

बायको आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी तिच्या फोनमधला फोटो मोठा करून घेतला. दुकानात एक कोरी किल्ली काढली. फोटो जरा तिरका होता, धाकट्यानं किल्ली बोटांत फिरवून धरली होती. पण दाजींना तिरपेपण मनातल्या मनात सरळ करता येत होतं. निदान एके काळी येत होतं. ते कानस चालवत होते आणि प्रत्येक खाचेबरोबर त्यांना धाकट्याचा एकेक फोटो आठवत होता. आरशासारखी कड. खिडकीतला उजेड. ‘वीस वर्षं धंदा करतोय.’ किल्ली झाली. पुन्हा एकदा तपासायला हवी होती, पण त्यांना घाई होती.

दुपारी धाकटा कामांवर जातो हे त्यांना ठाऊक होतं. दुकान बंद होतं. समोर वह्या-पेनांचं दुकान चालवणाऱ्या बाई बाहेरच बसल्या होत्या. दाजी थबकले, पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की कुलूपवाला कुलपाशी वाकलेला दिसला तर कुणाच्या मनात शंका येत नाही. उलट बाईंनीच हाक मारली. “तुम्ही दाजी ना? फोटो आहे तुमचा त्याच्या दुकानात. स्टूल देऊ का?”

फोटो. इथेही फोटो. “नको,” दाजी म्हणाले, आणि किल्ली घातली.

किल्ली गेली. अर्धी फिरली. मग आतून कुणीतरी बोट धरल्यासारखं झालं.

दाजींनी हजारदा लिहिलं होतं, अडली की थांबा. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. धाकट्यालाही शिकवलं होतं. आवाज कोरडा आला होता, म्हणजे खाच कमी पडली होती. हे त्यांच्या बोटांना कळलं, पण बोटांचं ऐकायला त्या वेळी ते घरी नव्हते. त्यांनी जोर लावला. एक बारीकसा ‘टक’ झाला आणि दाजींच्या हातात किल्लीचं नुसतं डोकं राहिलं. बाकीची किल्ली कुलपात, अगदी तोंडाशी, चपखल बसलेली.

तुटकी किल्ली काढायला करवतीचं पातळ पान लागतं. ते जिन्याखालच्या दुकानात, डाव्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर होतं. इथे दाजींनी हात पसरला तर फक्त रस्ता होता. त्यांनी नखानं प्रयत्न केला. मग अंगठा कुलपावर दाबून धरला, जणू रक्त थांबवतायत. आणि तेवढ्यात मागे स्कूटर थांबली.

“दाजी? तुम्ही? अहो, कळवायचं तरी!” धाकटा खुशीत उतरला. मग त्यानं कुलूप बघितलं, अंगठा बघितला आणि दुसऱ्या मुठीतलं ते डोकं बघितलं.

“तुमची किल्ली तुटली?”

“माझी नाही,” दाजी म्हणाले. “तुझी.”

धाकट्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचे डोळे मोठे झाले. दाजींना वाटलं, आता चिडेल. त्यांना तो चिडायला हवा होता. ज्याचा हेवा वाटतो तो माणूस निदान थोडा तरी वाईट असावा लागतो, नाही तर हेव्याला बसायला जागाच मिळत नाही.

“त्या फोटोवरनं? ताईनं काढलेल्या?” धाकटा म्हणाला. “फोटोवरनं एवढी आत गेली? दाजी, कमाल आहे तुमची! थांबा, थांबा, हलू नका. अंगठा तसाच ठेवा. उजेड काय सुंदर आलाय!”

आणि त्यानं फोन काढून फोटो काढला.

मग त्यानं पिशवीतून करवतीचं पान काढलं, दोन झटक्यांत तुकडा बाहेर ओढला, दार उघडलं, दाजींना खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. दुकानात खरंच दाजींचा फोटो होता. जिन्याखाली, कानस हातात, चेहरा किल्ल्यांकडे. दाजी त्या फोटोत बरे दिसत होते, याचाही त्यांना राग आला.

धाकट्यानं तुकडा आणि आपली किल्ली शेजारी ठेवून उजेडात धरली. “ही बघा, ही एक खाच उथळ राहिलीय. फोटो तिरका होता ना, म्हणून. सरळ असता तर उघडलंच असतं.”

“तिरकाच होता,” दाजी म्हणाले. “तू धरलीच तिरकी.”

“म्हणजे तुमचं खरंच आहे की. फोटो म्हणजे किल्ली. मी गंमत समजत होतो.” तो गंभीर झाला. “मी संध्याकाळी लिहून टाकतो गटावर. म्हणतो, मला दाजींचं पटलं, माझ्यासाठी फोटोंचा हट्ट कुणी धरू नका. तुमचं हे आजचं काही सांगणार नाही. काळजी करू नका.”

दाजींच्या हातातला चहा तसाच राहिला. ते जिंकले होते. गट त्यांचा राहणार होता, बिनफोटोंचा, शब्दांचा. हेच तर हवं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे त्यावर येणारी पत्रं तरळू लागली. ‘धाकट्या, काय मन आहे तुझं!’ ‘एवढी कला अंगात असून माघार घेतलीस!’ ‘शिष्य असावा तर असा!’ संग्रहालयवाल्या बाई तर ते पत्र छापून ठेवतील. म्हणजे फोटोत हा पुढे, कुलपात हा पुढे, आणि आता मोठेपणातही हाच पुढे. मग दाजींना उरलं काय? नियम.

“अजिबात लिहायचं नाही,” दाजी उठले.

“पण दाजी, तुम्ही बरोबर—”

“मी बरोबर आहे का नाही ते मी ठरवीन. गट माझा आहे.”

“चहा तरी घ्या.”

“घरी घेईन.”

बस मिळेना. मिळाली तर प्रत्येक थांब्यावर थांबत होती, बसच्या दृष्टीनं ते स्वाभाविकच होतं. दाजी उभ्या उभ्या हिशेब करत होते. धाकट्याची पत्रं तीन-चार शब्दांची असतात, लिहायला त्याला कितीसा वेळ लागणार? ‘पटलं. नको. धाकटा.’ झालं! दाजींना आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आखूड लिहिण्याचा हेवा वाटला.

घरी पोचल्यावर त्यांनी चपला घालूनच संगणक लावला.

“अहो, चपला!” बायको म्हणाली. “कुठं होतात? धाकट्याचा फोन होता, दाजी पोचले का विचारत होता. तुम्ही त्याच्याकडे गेला होतात?”

“सांगतो. आधी गप्प बस जरा.”

गटाच्या व्यवस्थेत ती जागा त्यांनी कित्येक वर्षांत उघडली नव्हती. जोडलेली चित्रं स्वीकारावीत का? त्यापुढचं ‘नाही’ काढून त्यांनी ‘होय’ केलं. मग पत्र लिहिलं. वेळ नव्हता, म्हणून ते चारच ओळींचं झालं. ‘मित्रहो, फोटोतला धोका मी स्वतः तपासून पाहिला. धोका खरा आहे, पण तिरक्या फोटोतून तो घरात शिरत नाही. तेव्हा आजपासून फोटोंना परवानगी. किल्ली मात्र पाठमोरीच. दाजी.’ पाठवलं, आणि मगच चपला काढल्या.

धाकट्याचं माघारीचं पत्र त्यानंतर आलं. बिचारं उशिरा आलं होतं, लोक त्याला हसले. आणि दाजींवर कौतुकाचा वर्षाव झाला. ‘दाजी, मन मोठं लागतं याला.’ ‘स्वतः तपासून मत बदलणारा माणूस विरळा.’ तिजोरीवाल्यांनीसुद्धा ‘मानलं’ असं लिहिलं. बाई म्हणाल्या, हे चार ओळींचं पत्र तुमच्या सगळ्या पत्रांत उत्तम आहे. हे शेवटचं दाजींना नीटसं आवडलं नाही, पण एकंदरीत संध्याकाळ छान गेली.

दुसऱ्या दिवशी गटावर पहिला फोटो आला. कुलपाच्या तोंडाशी चपखल बसलेला तुटक्या किल्लीचा तुकडा, तिरपा सोनेरी उजेड, आणि कडेला दाबून धरलेला एक अंगठा. खाली धाकट्याचा मजकूर: ‘तुटकी. काढली. पान वापरलं.’

गट वेडा झाला. तुकडा कसा, उजेड कसा, कड कशी. मग बाईंनी विचारलं, ‘हा अंगठा कुणाचा? इतका संतापलेला अंगठा मी आजवर पाहिला नाही. सगळी गोष्ट त्या अंगठ्यातच आहे.’

दाजी पडद्याला नाक लावून बसले. धाकट्याचं उत्तर आलं. ‘गिऱ्हाइकाचा.’

गिऱ्हाइकाचा! ज्यानं याला पहिली कानस हातात दिली, तो गिऱ्हाईक! आणि हे खोडून काढायचं तर खरं सांगावं लागणार. दाजींनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. धाकट्यानं त्यांना वाचवलं होतं, आणि त्या उपकाराची चव त्या पित्तापेक्षाही कडू होती.

शेवटी ते उठून स्वयंपाकघरात गेले.

“अगं, तुझा फोन दे जरा. हा जवळून घेतो का फोटो?”

बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि फोन दिला. दाजींनी एक जुनं कुलूप जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पडदा सरकवला, पुन्हा ओढला, कुलपाखाली पांढरा रुमाल अंथरला. श्वास रोखून बटण दाबलं. हात हलला. पुन्हा दाबलं. बायको खांद्यावरून वाकली.

“कुलूप कुठंय यात?”

“ते काय, ते काळं.”

“ते काळं? मला वाटलं वांगं आहे.”

“तुला कळत नाही त्यातलं,” दाजी म्हणाले. त्यांनी फोटो गटावर चढवला आणि त्याच्याखाली लिहायला बसले. ‘मित्रहो, या फोटोत डावीकडे जे अस्पष्ट दिसतं आहे, ते काय आहे ते आधी सांगतो.’ बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली. दाजी अजून डावीकडेच होते.